बांधीव खंडांचे काय करायचे?

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचा मला फोन आला. "तळमजल्यावरचे नियतकालिकांचे बांधीव खंड आम्ही काढून टाकतोय. परवा रद्दीवाला येणार आहे. तुम्हाला त्यातलं काही हवं असेल तर उद्या सकाळीच या."

मी गेलो. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात खंड सुतळीने बांधून भिंतीशी रचून ठेवले होते. कापडी पाठ, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव आणि वर्ष, आत महाविद्यालयाचा गोल शिक्का. ग्रंथपाल बिचारे संकोचले होते. त्यांची बाजूही खरी होती. विद्यार्थ्यांना बसायला अभ्यासिका नाही, तळमजल्याला ओल येते, तपासणी समिती जागेचा हिशेब मागते आणि त्या खंडांना वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात कारण लिहिले होते : 'सदर नियतकालिके ऑनलाइन उपलब्ध आहेत.'

मी गेली बारा-तेरा वर्षे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीच्या पाटपाण्याचा अभ्यास करतो आहे. वाणिज्य शाखेची पदवी एवढेच माझे शिक्षण. संशोधनातले जे काही आले ते ग्रंथालयांत बसून आले. त्यामुळे तो ढीग मी उघडून पाहू लागलो. त्यात अर्थशास्त्राची आणि इतिहासाची इंग्रजी नियतकालिके होती. त्याच सुतळीत बांधलेली मराठी त्रैमासिके होती, संशोधन मंडळांच्या पत्रिका होत्या, एका बंद पडलेल्या मासिकाची नऊ वर्षे होती. ढीग एकच होता आणि कारणही एकच दिले होते. पण ते कारण अर्ध्याच ढिगाला लागू होते. इंग्रजी खंडांपैकी बहुतेक खरोखरच ऑनलाइन मिळतात. मराठी खंडांपैकी बहुतेक कुठेच मिळत नाहीत.

त्या दिवसापासून या विषयाची माहिती गोळा करू लागलो. छापील नियतकालिकांच्या जागी इलेक्ट्रॉनिक आवृत्त्या का आल्या, त्या आल्यावर ग्रंथालयाच्या हाती नेमके काय राहते, आणि 'ऑनलाइन उपलब्ध' या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, ते इथे मांडतो.

कपाटातून पडद्याकडे

विद्वत्तेच्या नियतकालिकांची सुरुवात १६६५ साली झाली. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावां' आणि मार्चमध्ये लंडनला 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' निघाले. तेव्हापासून पुढची तीनशे वर्षे ग्रंथालयाचे काम ठरलेले होते. वर्गणी भरायची, सुटे अंक वाचनकक्षात ठेवायचे, वर्ष संपले की बाइंडरकडे पाठवून खंड करायचा आणि दाखल क्रमांक घालून कपाटात लावायचा. पुस्तक एकदा येते, नियतकालिक येतच राहते. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाच्या वाढत जाण्याविषयी आहे. ही वाढ सर्वांत जास्त जाणवते ती नियतकालिकांच्या दालनात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन अडचणी एकदम आल्या. नियतकालिकांची संख्या वाढली आणि विज्ञान-वैद्यकातल्या नियतकालिकांच्या वर्गण्या महागाईच्या कितीतरी पुढे गेल्या. प्राध्यापक लेख फुकट लिहितात, दुसरे प्राध्यापक तो फुकट तपासतात आणि त्यांचीच विद्यापीठे तो पैसे देऊन विकत घेतात, अशी ही विचित्र बाजारपेठ. २०१२ साली हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या सल्लागार समितीने आपल्या प्राध्यापकांना कळवले की वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलरचा हा खर्च आता पेलवत नाही.

जागेच्या अडचणीवर उपाय म्हणून जेस्टोर जन्माला आले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डेनिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वाढीव जागा हवी होती. त्या विद्यापीठाचे विश्वस्त आणि मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी विचार केला की, जे जुने अंक शेकडो ग्रंथालयांत तसेच्या तसे पडून आहेत ते एकदाच स्कॅन करून सर्वांना का देऊ नयेत? अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या दहा नियतकालिकांपासून प्रयोग सुरू झाला आणि १९९५ साली जेस्टोर ही स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. प्रकाशकांचे उत्पन्न बुडू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. ताजी तीन-पाच वर्षे सोडून त्यामागचे अंकच द्यायचे आणि दर वर्षी ही सीमा एक वर्षाने पुढे सरकवायची. तिला 'सरकती भिंत' म्हणतात. आपल्याकडची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची 'ॲनल्स', डेक्कन कॉलेजचे 'बुलेटिन' आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' यांचे जुने अंक आज जेस्टोरवर आहेत. एरवी ज्यांसाठी पुण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागत, ते लेख मी घरी बसून वाचले आहेत. हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

भारतातली वाटचाल सरकारी संघांच्या मार्गाने झाली. आयुका या पुण्याच्या संस्थेत १९९१ साली इन्फ्लिबनेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. १९९६ साली तो स्वायत्त केंद्र बनला आणि आज तो गांधीनगरला आहे. २००४ पासून विद्यापीठांना यूजीसी-इन्फोनेट संघामार्फत ई-नियतकालिके मिळू लागली. तंत्रशिक्षणासाठी 'इंडेस्ट' आणि महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' अशा योजना होत्या. २०१५ साली त्या 'ई-शोधसिंधू'त एकत्र आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६३०० हून अधिक संस्था एवढा तिचा आवाका आहे. तालुक्याच्या गावातल्या शासकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आता दिल्लीच्या विद्यार्थ्याइतकीच नियतकालिके पाहू शकतो. छापील अंकांच्या जमान्यात हे कधीच शक्य नव्हते.

विकत घेणे आणि भाड्याने घेणे

छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाचा झाला. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तरी मागचे अंक कपाटातच राहतात. प्रकाशन बंद पडले, संपादक बदलला, मालकी गेली, तरी कपाटातल्या खंडाला त्याचे सोयरसुतक नसते.

इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत ग्रंथालय बहुधा वस्तू विकत घेत नाही, पाहण्याचा परवाना घेते. अंक प्रकाशकाच्या संगणकावरच राहतात आणि आपल्याला दार उघडून मिळते. पैसे थांबले की दार बंद होऊ शकते. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक कायम पाहता येतील, असे कलम काही करारांत असते, काहींत नसते. म्हणून खंड काढून टाकण्यापूर्वी करार वाचायला हवा. पण संघाचे करार राष्ट्रीय पातळीवर होतात आणि गावातल्या ग्रंथपालाच्या टेबलावर पोहोचते ती नियतकालिकांची यादी. त्या यादीतही एखादे नियतकालिक या वर्षी असते आणि प्रकाशक बदलला की पुढच्या वर्षी नसते.

मालकीचा हा फरक २००१ साली एका प्रसंगाने लख्ख दिसला. 'ह्यूमन इम्युनॉलॉजी' या नियतकालिकात आलेला एक लेख राजकीय वाद उठल्यावर मागे घेण्यात आला. प्रकाशकांनी तो संकेतस्थळावरून काढला आणि ज्या ग्रंथालयांकडे छापील अंक होते त्यांना कळवले की या लेखाकडे दुर्लक्ष करावे किंवा त्याची पाने अंकातून काढून टाकावीत. लेख बरोबर होता की चूक, हा इथे मुद्दा नाही. संकेतस्थळावरचा लेख काढायला कोणाची परवानगी लागली नाही. छापील पाने काढण्यासाठी मात्र शेकडो ग्रंथपालांना विनंती करावी लागली आणि त्यांतल्या प्रत्येकाला 'नाही' म्हणता येत होते.

फाईल किती टिकते?

कागद नाशवंत आणि फाईल अमर, अशी एक समजूत आहे. मिकाएल लाक्सो आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून पूर्णपणे नाहीशी झालेली १७४ मुक्त नियतकालिके शोधून काढली. त्यांतली पुष्कळशी लहान संस्थांची होती. संपादक निवृत्त झाला, संकेतस्थळाचे भाडे भरले गेले नाही, आणि सगळे अंक गेले. २०२४ साली मार्टिन ईव्ह यांनी डीओआय हा कायमचा क्रमांक मिळालेली ७४ लाखांहून अधिक प्रकाशने तपासली. त्यांतल्या चतुर्थांशाहून अधिक, म्हणजे २० लाखांवर प्रकाशनांची प्रत कोणत्याही मान्य जतनकेंद्रात सापडली नाही. क्रमांक कायमचा आहे, लेख कायमचा आहे याची हमी नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हिक्टोरिया राइश आणि डेव्हिड रोझेन्थल यांनी 'लॉक्स' ही पद्धत उभी केली. अनेक ग्रंथालये आपापल्या संगणकावर एकाच अंकाची प्रत ठेवतात, ते संगणक आपल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात, आणि एखादी बिघडली की इतरांवरून दुरुस्त होते. पुष्कळ ठिकाणी पुष्कळ प्रती असल्या की गोष्ट टिकते, हे जुन्या पोथ्यांच्या नकलाकारांनाही ठाऊक असलेले तत्त्व त्यामागे आहे. 'पोर्टिको' या दुसऱ्या व्यवस्थेत प्रकाशक आपल्या फाईली मध्यवर्ती भांडारात ठेवतात आणि प्रकाशन नाहीसे झाले तर ते भांडार उघडते. अवयवरोपणाविषयीचे 'ग्राफ्ट' हे नियतकालिक २००३ साली थांबले आणि पुढे प्रकाशकाने ते आपल्या संकेतस्थळावरून काढले. पण लॉक्सच्याच धर्तीवरच्या 'क्लॉक्स' या भांडारात त्याची प्रत होती, म्हणून ते २००८ पासून सर्वांना खुले झाले. मात्र या व्यवस्थांत नाव असते ते मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांचे.

मोठेपणाही पुरेसा नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद राहिल्या. ब्रिटनमध्ये २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांची प्रतही कायद्याने जमा होते. त्या प्रतीही त्या काळात वाचकांना मिळेनात. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रती पाठवायच्या असतात. तो कायदा कागद डोळ्यासमोर ठेवून झालेला आहे.

कागदाचीही बाजू सांगतो, नाहीतर हा लेख रडगाणे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आला. तो पिवळा पडतो आणि दुमडला की तुटतो. वाळवी, कसर, ओल आणि गळके छप्पर आपल्या ग्रंथालयांना नवे नाही. आणि एकच प्रत एकाच जागी असणे कागदालाही धोक्याचेच, हे ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्याने पुण्याने पाहिले आहे. म्हणून कागद की पडदा, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. किती प्रती, कुठे आणि कोणाच्या ताब्यात, हे विचारायला हवे.

ब्रिटनमधल्या ग्रंथालयांनी या प्रश्नाचे उत्तर एकत्र बसून शोधले. २००७ ते २०१९ या काळात तिथे 'यूके रिसर्च रिझर्व्ह' ही योजना चालली. नियम सोपा होता. छापील नियतकालिक काढण्यापूर्वी इतर ग्रंथालयांना विचारायचे. ब्रिटिश लायब्ररीची एक आणि इतर सदस्य ग्रंथालयांतल्या दोन, अशा तीन प्रती देशात राहणार असतील तरच बाकीच्यांनी आपली प्रत काढायची. या रीतीने शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या फळ्या मोकळ्या झाल्या आणि कोणतेही नियतकालिक देशातून नाहीसे झाले नाही. जेस्टोरनेही मूळ कागदी अंकांचे संच अमेरिकेत दोन ठिकाणी जपून ठेवण्याची व्यवस्था केली. स्कॅन धूसर निघाला, पान सुटले, तर पुन्हा कागदाकडे जावे लागते हे त्यांना माहीत होते. मला स्वतःला एकदा एका जुन्या अहवालातला कालव्याचा नकाशा हवा होता. डिजिटल प्रतीत तो घडी न उलगडताच स्कॅन झालेला होता. कोपऱ्यातले प्रमाण तेवढे वाचता आले, कालवा घडीच्या आतच राहिला.

मराठी ढीग

आता व्हरांड्यातल्या त्या दुसऱ्या अर्ध्या ढिगाकडे येतो. मराठीतली विद्वत्तेची परंपरा पुष्कळशी नियतकालिकांतच वाढली आहे. १८६७ साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'ने सत्तर वर्षे तिला जागा दिली. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे 'संशोधक', वाईचे 'नवभारत' अशी किती नावे सांगावीत. यांतले असंख्य लेख पुढे पुस्तकांत आलेच नाहीत. एखाद्या गावच्या पाटाच्या पाळीपत्रकाची नक्कल, एखादा महजर, एखाद्या शाळामास्तराने गोळा केलेले शेतीचे शब्द, हे त्या अंकात आहे आणि दुसरीकडे नाही.

शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नियतकालिकांची १८०० ते १९५० या काळाची सूची केली. ती करता आली, कारण ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी अंक फेकले नव्हते. आज कोणी १९५० नंतरची सूची करायला घेतली तर त्याला अंक हवेत, आणि ते अजून आहेत ते महाविद्यालयांच्या, नगरवाचनालयांच्या तळघरांत आणि माळ्यांवर. जुनी काही मराठी नियतकालिके स्कॅन होऊन निरनिराळ्या संकेतस्थळांवर आली आहेत आणि ते काम करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण १९५० नंतरच्या लहान पत्रिकांची पाळी अजून यायची आहे. ती येईपर्यंत छापील खंड हीच एकमेव प्रत आहे. इंग्रजी नियतकालिकांसाठी तयार झालेला 'ऑनलाइन आहे, काढून टाका' हा नियम आपण मराठी नियतकालिकांना नुसत्या सवयीने लावतो आहोत.

दाराबाहेरचा वाचक

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही. छापील खंड ज्या ग्रंथालयात होते तिथे मी अर्ज लिहून, ग्रंथपालांना भेटून, कधी शंभर रुपये अनामत ठेवून बसलो आहे. 'कोणत्या विभागाचे?' या प्रश्नाला 'कोणत्याच नाही' असे उत्तर दिल्यावर काहींनी भुवया उंचावल्या, पण खंड दिला. पासवर्डला अशी विनंती करता येत नाही. नियतकालिक पडद्यावर गेले की वाचक म्हणजे संस्थेचा सदस्य, बाकी कोणी नाही.

परदेशांतल्या पुष्कळ करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष आलेल्या कोणाही वाचकाला तिथल्या संगणकावर ही नियतकालिके पाहू देण्याची मुभा असते. आपल्याकडे २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात 'एक राष्ट्र, एक वर्गणी'ची कल्पना मांडली गेली तेव्हा ती देशातल्या प्रत्येक व्यक्तीसाठी होती. मंजूर झालेली योजना मात्र केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. निवृत्त शिक्षक, गावातला वैद्य, शेतीवर प्रयोग करणारा शेतकरी, माझ्यासारखा हौशी अभ्यासक हे तिच्याबाहेर आहेत. पैसा सार्वजनिक आहे, म्हणून जिल्हा ग्रंथालयातल्या एका संगणकावर तरी हे दार उघडावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. जेस्टोर व्यक्तिगत नोंदणी केलेल्या वाचकाला महिन्याला शंभर लेख विनामूल्य वाचू देते आणि इन्फ्लिबनेटच्याच 'शोधगंगे'वरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत. म्हणजे इच्छा असेल तर रस्ता निघतो.

काढण्यापूर्वी चार प्रश्न

खंड कधीच काढू नयेत असे मी म्हणत नाही. अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थीही ग्रंथालयाचाच वाचक आहे. पण निर्लेखनाच्या प्रस्तावात 'ऑनलाइन उपलब्ध' असे एका ओळीत लिहिण्याऐवजी चार प्रश्नांची उत्तरे लिहिली जावीत. ऑनलाइन कुठे आहे, आणि पहिल्या अंकापासून आहे का? वर्गणी थांबली तरी ते पाहता येईल का? जतनासाठी त्याची प्रत लॉक्स, पोर्टिको यांसारख्या व्यवस्थेत आहे का? आणि आपली प्रत गेल्यावर महाराष्ट्रात छापील प्रती किती उरतात? पहिल्या तिन्ही प्रश्नांना होकार असेल आणि चौथ्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर खंड खुशाल काढावेत. पहिल्याच प्रश्नाला 'नाही' आले तर तो खंड रद्दीत जाता कामा नये. चौथ्या प्रश्नासाठी विद्यापीठांनी आपल्या महाविद्यालयांच्या खंडांची एक सामाईक यादी केली तरी पुरे. ब्रिटनमधल्या योजनेचा गाभाही असा सामाईक हिशेबच होता.

त्या दिवशी मी ग्रंथपालांना एवढेच म्हणालो, "इंग्रजी जाऊ द्या, मराठी दोन दिवस थांबवा." त्यांनी रद्दीवाल्याला तसे सांगितले. एका मित्राच्या टेम्पोतून सहासष्ट खंड माझ्या घरी आले आणि आठ महिने माझ्या पुढच्या खोलीत राहिले. घरच्यांनी काय सोसले ते वेगळे. मी प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका वहीत उतरवली, तीन ग्रंथालयांच्या याद्यांशी ताडून पाहिली. एकवीस खंड त्या तिन्ही ठिकाणी नव्हते. जिल्ह्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाने एक कपाट रिकामे करून दिले. आता सगळे सहासष्ट खंड तिथे आहेत आणि कोणालाही ओळखपत्राशिवाय पाहता येतात.

त्या एकवीस खंडांतल्या एकात, १९६० च्या दशकातल्या एका अंकात, मोसम नदीवरच्या एका बंधाऱ्याच्या पाटकऱ्यांविषयी सहा पानांचा लेख निघाला. त्याची नोंद मला बारा वर्षांत कुठेही सापडली नव्हती.